आदिकेंद्रकी, दृश्यकेंद्रकी आणि एक अक्रोड

प्रश्न असा आला आहे: आदिकेंद्रकी पेशी म्हणजे केंद्रक नसलेली पेशी, मग सरळ 'अकेंद्रकी' का म्हणत नाहीत? आणि दृश्यकेंद्रकीत, म्हणजे आवरणातलं केंद्रक असलेल्या पेशीच्या नावात, 'दृश्य' ते काय?

अकेंद्रकी नको, कृपा करून नको! क्लासच्या नोट्समध्ये हा शब्द दिसला की डोकं उठतं. आपल्या रक्तातली पक्व तांबडी पेशी अकेंद्रकी असते, अस्थिमज्जेत तयार होतानाच ती केंद्रक टाकून देते. म्हणून ती जीवाणूसारखी आदिकेंद्रकी झाली का? उलट जीवाणूचा डीएनए कुठे गेलेला नसतो, पेशीतच एका भागात गुंडाळलेला असतो. त्याच्याभोवती आवरण नसतं, इतकंच. तंतुकणिका, हरितलवकं वगैरे पेशीतल्या बाकीच्या भागांचा तक्ता पाठ्यपुस्तकात आहे, तो तिथे बघा.

खरी गंमत पुढे आहे. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने आमरीच्या (ऑर्किडच्या) पेशींतल्या ठिपक्याला 'न्यूक्लियस' म्हटलं. लॅटिन 'नक्स' म्हणजे कवचाचं फळ, न्यूक्लियस म्हणजे त्यातला गर. १९२५ मध्ये एदुआर शातों या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने प्रोकॅरियोट-युकॅरियोट (आपले आदिकेंद्रकी-दृश्यकेंद्रकी) ही जोडी वापरली, त्यातला ग्रीक 'कारिओन' म्हणजेही कवचफळ, विशेषतः अक्रोड. आपण मात्र अक्रोड टाकला आणि 'केंद्र' घेतलं, अस्सल संस्कृत समजून. तेही ग्रीकच! 'केंट्रॉन' म्हणजे टोचणारं टोक, बैलाची पराणी. पुढे कंपासचं रोवलेलं टोक आणि मग वर्तुळाचा मध्य. ज्योतिषाबरोबर तो शब्द इकडे आला. 'गुरू केंद्रात आहे' असं सांगणारे गुरुजी नकळत ग्रीक बोलत असतात.

माझं विचाराल तर 'गर' हाच शब्द हवा होता. फणसाचा गर कळतो त्याला पेशीचाही कळला असता. पण परिभाषा करणाऱ्यांना मराठी शब्दाची कायम लाज. बरं, उपसर्ग तरी? युकॅरियोटमधला ग्रीक 'यू' (चांगला, खरा) आणि आपला 'सु' ही सख्खी भावंडं, 'प्रो' आणि 'प्र' हीसुद्धा. सुकेंद्रकी हा शब्द आयता समोर असताना 'दृश्य' कुठून काढलं? केंद्रक स्पष्ट दिसतं म्हणून, असं समर्थन करतात. रंग दिला तर जीवाणूतला डीएनएचा पुंजकाही दिसतो की! शिवाय मुलांना वाटतं, दृश्यकेंद्रकी म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारं. पाव फुगवणारं यीस्ट दृश्यकेंद्रकी आहे. त्याची एक पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दाखवा पाहू. हिंदीतला 'ससीमकेंद्रकी' निदान आवरणाबद्दल बोलतो.

नॉर्मन पेस या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने २००६ मध्ये प्रोकॅरियोट हा शब्दच मोडीत काढा म्हटलं, कारण त्या शब्दात जीवाणूंबरोबर कोंबलेले आर्किया (हेही केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव) जीवाणूंपेक्षा आपल्याला जवळचे. जीवशास्त्र कबूल, इलाज नामंजूर. 'अ‍ॅटम' म्हणजे न फुटणारा. तो फोडला, म्हणून शब्द टाकला का कुणी?

परीक्षेत मात्र दृश्यकेंद्रकीच लिहा. सुकेंद्रकी लिहून गुण गेले तर माझ्याकडे येऊ नका.