डुलणारी प्रेस वेल्डिंगशिवाय कशी आवरायची?

प्रश्न : घरच्या १२ टनी प्रेसमध्ये (भाग दाबून बसवायच्या चौकटीत) बॉटल जॅक, म्हणजे बाटलीच्या आकाराचा तेलावर चालणारा जॅक, सरकत्या तुळईवर उभा असतो. दाब वाढला की तुळई कलते आणि बुश (भोकात दाबून बसवायची धातूची नळी) तिरका बसतो. तुळई दोन उभ्या पट्ट्यांची आहे, वेल्डिंग मशीन नाही. काय करता येईल?

उत्तर : आधी दाब न देता गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघा. जॅकचा दट्ट्या आणि खालचा दाबणारा ठोकळा एका रेषेत नसतील तर दोष तिथेच आहे. तो काढल्याशिवाय पुढचं काही करू नका. रेषा बरोबर असेल तर खांब आणि तुळई यांच्यातली मोकळीक जास्त आहे. ती बोल्टच्या गाइडने भरून काढता येते.

४०×४०×५ मिमी अँगलचे (काटकोनी लोखंडी पट्टीचे) १५० मिमी लांबीचे चार तुकडे घ्या, तुळईच्या प्रत्येक टोकाला पुढून एक, मागून एक. अँगलची एक बाजू पट्टीवर, दुसरी खांबाच्या आतल्या अंगाला समोरासमोर. लांबीत काटकसर नको. आखूड गाइड कपाटाच्या खणासारखं तिरकं होऊन अडकतं.

अँगल शिकंज्याने जागेवर धरूनच अँगल आणि पट्टी दोन्हींतून एकदम भोक पाडा : आधी ५ मिमी, मग १३. बोल्ट एम१२ (१२ मिमी जाडीचे), डोक्यावर ८.८ ही ताकदीची खूण लिहिलेले, प्रत्येक तुकड्याला दोन. घट्ट करण्यापूर्वी सांध्यातला रंग खरवडून काढा. रंग दाबाखाली चेपतो आणि बोल्ट सैल पडतो. सांधा बोल्टच्या दांड्यावर नव्हे, दोन पत्रे आवळल्यामुळे होणाऱ्या घर्षणावर टिकतो. पिळण्याचा जोर सुमारे ८० न्यूटन-मीटर, म्हणजे २५० मिमी लांब पान्याच्या टोकाला साधारण ३२ किलो.

अँगल आणि खांब यांच्यातली फट मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) नसेल तर हॅकसॉच्या पात्याची पाठ सरकवा, ती साधारण ०.६५ मिमी असते. दात नकोत, ते बाहेर वळलेले असतात. तुळई वरपासून खालपर्यंत हलवून बघा. खांब क्वचितच सारखे असतात, त्यामुळे एका उंचीवर फट बरोबर आणि दुसरीकडे घासणी, असं होतं. जिथे सर्वांत कमी जागा तिथे फट ठरवा आणि ग्रीस लावा.

वरच्या आडव्या तुळईला आणि ज्यावर काम ठेवतात त्या खालच्या टेबलाला मात्र मधोमध भोक पाडू नका. दाब येताच वरच्या तुळईची वरची कड आणि टेबलाची खालची कड ताणली जाते. तिथलं भोक म्हणजे तडा जायला तयार जागा.

प्रश्न : सरकती तुळई काढून जॅक वरच्या तुळईला उलटा टांगला तर?

उत्तर : चालणार नाही. पंप तेल बुडाकडून ओढतो. जॅक उलटा झाला की तेल दुसऱ्या टोकाला जातं आणि पंप हवा ओढतो. दांडा कितीही हलवा, दट्ट्या पुढे सरकत नाही. उलटा चालणारा जॅक वेगळा बनवलेला असतो, तोच घ्यावा.