कमरेला पिस्तूल, हातात टोमॅटो

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांच्या, सरकार लहान असावं म्हणणाऱ्या मंडळींबद्दल सहज दोन ओळी काय लिहिल्या, टेबलावर पत्रांचा ढीग लागला. त्यातली चार घेतो, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न: मे-जूनमध्ये दोन महिने लेकीकडे टेक्सासला राहून आलो. जावयाच्या शेजारी एक गोरे आजोबा आहेत, इतका सज्जन माणूस की काय सांगू. रोज सकाळी गवत कापणार, परसातले टोमॅटो कागदी पिशवीत घालून आणून देणार. पण एक दिवस पिशवी खाली ठेवायला वाकले आणि कमरेला पिस्तूल दिसलं, आमची ही दोन पावलं मागेच सरकली! वर हेच आजोबा म्हणतात सरकारने आमच्या आयुष्यात नाक खुपसू नये, आणि त्याच दमात म्हणतात गुन्हेगारांना पोलिसांनी चांगलं ठेचलं पाहिजे. सरकार नको पण पोलीस पाहिजे, हे गणित काही जमलं नाही. (निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर)

उत्तर: काका, आधी वहिनींना सांगा की आजोबांनी कायदा मोडलेला नव्हता. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याबिन्ह्यामुळे बंदी नाही अशाला, पिस्तूल घेऊन फिरायला परवानाच लागत नाही.

आता गणिताचं. आपल्या डोक्यात पोलीस म्हणजे खाकी आणि खाकी म्हणजे मुंबईचं गृहखातं, नागपूरचा पोलीस आयुक्त बदलला तर तुम्हाआम्हाला ते सकाळी पेपरात कळतं, आपल्याला कोणी विचारत नाही. तिकडे देशभरात १८ हजारांच्या आसपास वेगवेगळी पोलीस खाती आहेत, शहराचं वेगळं, काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, वेगळं, आणि काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, तर मतं मागत दारात येतो. सरकारी वकीलही बहुतेक राज्यांत निवडून येतो, सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ मध्ये लोकांनी आपला निवडून दिलेला सरकारी वकील गुन्हेगारांशी फारच मवाळ वागतो म्हणून मुदतीच्या आधीच मत टाकून घरी बसवला, आणि ते शहर काही कन्झर्व्हेटिव्ह नाही बरं का. म्हणजे तुमच्या आजोबांच्या हिशेबात शेरीफ हा आपला माणूस, सरकार म्हणजे ते दूर वॉशिंग्टनमध्ये बसलेलं. एवढं धरलं की त्यांचं अर्धं बोलणं आपोआप जागेवर बसतं.

उरलेलं अर्धं बंदुकीत आहे. १७९१ ची त्यांची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काची, पण हा हक्क प्रत्येक माणसाचा वैयक्तिक आहे हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं ते थेट २००८ मध्ये, तेही पाच विरुद्ध चार. मग २०२२ मध्ये न्यूयॉर्कची केस आली. तिथे पिस्तूल जवळ ठेवून फिरायचं तर तुम्हाला इतरांपेक्षा वेगळी अशी काय गरज आहे ते पटवून द्यावं लागायचं. आपल्याकडे लायसन्सला गेलं की विचारतात ना, धोका कोणापासून, तक्रार दिली होती का, कागद दाखवा, त्यातलाच प्रकार. कोर्टाने सहा विरुद्ध तीनने तो नियम उडवला. म्हणाले हक्क आहे, मग कारण काय विचारता. लगेच २०२४ मध्ये त्याच कोर्टाने आठ विरुद्ध एकने हेही सांगितलं की घरच्यांना धोका आहे म्हणून कोर्टाने ज्याच्यावर मनाईहुकूम काढलाय त्याच्याकडची बंदूक काढून घेता येते. म्हणजे अगदी मोकाट रान आहे असंही नाही.

मला यात आपल्या कस्तुरबानगरची आठवण येते. २००४ च्या ऑगस्टमध्ये त्या वस्तीला वर्षानुवर्षं छळणारा गुंड नागपूरच्या कोर्टातच मारला गेला, आरोप वस्तीतल्या बायकांवर आला, आणि दहा वर्षांनी सगळे निर्दोष सुटले. ही गोष्ट तुमच्या आजोबांना सांगून बघा. ते म्हणतील, बघा, म्हणूनच प्रत्येकाकडे बंदूक पाहिजे. मी म्हणेन, म्हणूनच चौकीतल्या माणसाने पहिल्याच दिवशी तक्रार लिहून घ्यायला पाहिजे होती. भांडण हे एवढंच आहे, पण ते मिटत नाही.

आणि हो, गुन्ह्याबाबत कडक म्हणजे जेल एके जेल, असंही समजू नका. १९८२ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी मांडलं होतं की फुटलेली खिडकी तशीच ठेवली की उरलेल्याही फुटतात, बारीकसारीक बेशिस्त सोडली की मोठा गुन्हा मागून येतो. ते कन्झर्व्हेटिव्ह लोकांना फार आवडलं. पण त्याच टेक्सासने २००७ मध्ये नवीन तुरुंग बांधण्याऐवजी व्यसनमुक्ती आणि प्रोबेशनवर, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवण्यावर, पैसा लावला, का, तर तुरुंग हा सुद्धा सरकारी खर्चच ना! २०१८ मध्ये शिक्षा थोड्या सैल करणारा केंद्रीय कायदा आला, त्यावर सही ट्रम्प यांचीच.

प्रश्न: मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओबामा-बायडेनच्या वेळी हे लोक ओरडायचे की राष्ट्राध्यक्ष संसदेला बाजूला सारून स्वतःच कायदे करतो, आणि ट्रम्प आले की म्हणतात सगळी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे कारभार चालवायची, सत्ता एकाच माणसाकडे पाहिजे. सर, हा सरळसरळ दुटप्पीपणा नाही का? (विद्यार्थिनी, धंतोली)

उत्तर: थोडा आहे, पण पूर्ण नाही, आणि परीक्षेत नुसतं दुटप्पी लिहिलंस तर मार्क कापले जातील.

यात दोन प्रश्न एकात एक मिसळलेत. पहिला, सरकारच्या हातात एकूण सत्ता किती असावी. दुसरा, जेवढी आहे तेवढी कोणाच्या मुठीत असावी. पहिल्यावर त्यांचं म्हणणं की कायदा संसदेने करायचा, अधिकाऱ्यांनी जुन्या कायद्याला ताणून नवीन नियम काढायचे नाहीत. बायडेन सरकारने शैक्षणिक कर्जं माफ करायला घेतली ती जून २०२३ मध्ये कोर्टाने याच मुद्द्यावर अडवली. दुसऱ्यावर त्यांचं म्हणणं की घटनेच्या कलम २ चं पहिलंच वाक्य एक्झिक्युटिव्ह सत्ता राष्ट्राध्यक्षाला देतं, मग त्याच्याच हाताखालच्या खात्याचा प्रमुख त्याला काढता येत नाही हे कसं चालेल. १९३५ च्या एका निकालाने स्वतंत्र आयोगांच्या सदस्यांना असं काढण्यापासून संरक्षण दिलं, तो निकाल या लोकांना कायम खुपत आलाय. म्हणजे कागदावर दोन्ही गोष्टी एका माणसाच्या डोक्यात राहू शकतात: तिजोरी लहान असावी पण किल्ली एकाकडेच असावी.

आता तुला एक उदाहरण देतो, ते नीट बघ कारण ह्यात सगळंच आहे. बंप स्टॉक नावाचा एक प्लास्टिकचा तुकडा असतो, रायफलच्या मागच्या दस्त्याच्या जागी बसतो. गोळी सुटली की बंदूक मागे झटका देते, हा तुकडा तिला मागेपुढे सरकू देतो, बोट जागच्या जागी आणि ट्रिगर येऊन येऊन बोटावर आपटतो. साधी रायफल मशिनगनसारखी धडधडते. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास वेगासच्या हॉटेलातून एका माणसाने खालच्या गर्दीवर गोळीबार केला तो हेच लावून. लोक संतापले, आणि ट्रम्प सरकारच्या न्यायखात्याने डिसेंबर २०१८ मध्ये नियम काढला की बंप स्टॉक म्हणजे मशिनगनच, सबब बंदी. संसदेने काहीच केलं नाही, खात्याच्या एका नियमावर काम झालं. जून २०२४ मध्ये केस सुप्रीम कोर्टात निकाली निघाली. मशिनगनची कायद्यातली व्याख्या १९३४ पासूनची, ट्रिगरच्या एका क्रियेत एकाहून जास्त गोळ्या. कोर्ट म्हणालं इथे प्रत्येक गोळीला ट्रिगर नव्याने दबतोय, बोट हलो न हलो, त्यामुळे ही मशिनगन नाही, बंदी घालायची तर संसदेने घालावी. सहा विरुद्ध तीन, आणि त्या सहांतले तिघं ट्रम्प यांनीच नेमलेले! ज्यांच्या सरकारने नियम काढला त्यांच्याच न्यायाधीशांनी तो मोडला. याला दुटप्पी म्हणता येत नाही.

पण तुझ्या बाजूनेही बोलतो. या निकालानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, १ जुलै २०२४ ला, त्याच कोर्टाने त्याच सहा-तीनने माजी राष्ट्राध्यक्षाला पदावरच्या अधिकृत कामांसाठी फौजदारी खटल्यापासून भलंमोठं संरक्षण दिलं. खात्याच्या अधिकाऱ्याने शब्द ताणायचा नाही, आणि राष्ट्राध्यक्षाला मात्र घटनेत शब्दाने न लिहिलेलं कवच! इथे मला तरी कलमापेक्षा खुर्ची दिसते. आणि खुर्चीत आपला माणूस बसला की सत्ता गोड लागते, हे समजायला वॉशिंग्टन कशाला पाहिजे, बर्डीच्या पोहेवाल्याकडे तर्री घेत उभं राहिलं तरी ऐकू येतं. तू बिहारची १९८६ ची वाधवांची केस वाच, तिथलं सरकार संपलेले अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. आणि आपल्या तडीपारीचा विचार कर, खटला नाही, न्यायाधीश नाही, पोलीस अधिकाऱ्याच्या सहीने माणूस जिल्ह्याबाहेर. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह माणसाला हे सांगितलंस तर त्याला आपण फार डावे वाटू की फार उजवे, तो गोंधळून जाईल बिचारा.

प्रश्न: तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. पोलिओच्या रविवारी खांद्याला थंड डबा अडकवून गल्लोगल्ली फिरलो, बाळाच्या डाव्या करंगळीवर मार्करची खूण करायची, दारावर खडूने लिहायचं, घर झालं तर पी, राहिलं तर एक्स, आणि एक्सच्या घरी पुन्हा जायचं. कोणी दार लावलं तर अर्धा-अर्धा तास पायरीवर बसून समजावलं. अमेरिकेसारख्या ठिकाणी शिकलेसवरलेले लोक लसीला विरोध करतात हे ऐकून जीव जळतो. (ताजबाग)

उत्तर: ताई, तुमच्यासारख्यांच्या पायपिटीमुळे देशातली पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ मध्ये नोंदली गेली, आधी तुम्हाला नमस्कार.

तिकडे सुरुवातीला भांडण लसीशी नव्हतंच. कोविडची लस झटपट यावी म्हणून मे २०२० मध्ये पैसा ओतला तो ट्रम्प सरकारनेच, आणि त्याचा अभिमानही मिरवला. भांडण होतं सक्ती कोण करणार याचं. जुना निकाल आहे १९०५ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या एका पाद्र्याने देवीची लस घेतली नाही, पाच डॉलर दंड झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आणि हरला. कोर्टाने म्हटलं राज्य अशी सक्ती करू शकतं. राज्य! म्हणून केंद्राच्या कामगार सुरक्षा खात्याने शंभरावर कामगार असलेल्या कंपन्यांना लस नाहीतर टेस्टचा नियम लावला तो जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने थांबवला, आणि त्याच दिवशी केंद्राचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांवरची सक्ती मात्र पाच-चारने चालू दिली. इथपर्यंत त्यांचा मुद्दा मला समजतो. मार्च २०२१ मध्ये नागपूर पुन्हा आठवडाभर बंद झालं तेव्हा इतवारीतला दुकानदार अर्धं शटर उघडून आत अंधारात बसायचा, त्याला विचारा सरकारी आदेश कसा लागतो ते. आणि आपल्याकडे तर हा इतिहास रक्ताने लिहिलाय, प्लेग आला म्हणून १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यात रँडचे सोजीर घराघरांत, देवघरापर्यंत घुसले, आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर त्याच्यावर गोळी झाडली. तोच कायदा २०२० मध्ये आपण पुन्हा बाहेर काढला होता, फक्त रँडची आठवण कोणाला आली नाही.

पण सक्ती नको वरून लसच नको वर गाडी गेली, तिथे मी त्यांच्यासोबत नाही. २००० मध्ये अमेरिकेने गोवर देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं, २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासमध्ये तो असा पसरला की लस न घेतलेली दोन लेकरं गेली, आणि देशभरातल्या केसेस १९९२ नंतर सगळ्यात जास्त झाल्या. सक्ती न करता लस देता येते, तुम्ही पायरीवर बसून दाखवलंच की ते.

प्रश्न: आमचं वावर भिवापूरकडे आहे. रात्री रानडुकरं कळपाने येऊन अख्खं पीक लोळवतात. आजोबांच्या नावावर जुनी भरमार बंदूक आहे, आता त्यांना दिसत नाही. अमेरिकेसारखा बंदुकीचा हक्क आपल्या घटनेत का नाही हो? (शेतकरी)

उत्तर: भाऊ, येता येता राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या यादीत तो होता, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा. का, तर इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने लायसन्सची अट आपल्यालाच, गोऱ्यांना सूट. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तो पुन्हा मांडला, आणि कामत निवडून आलेले आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. बाबासाहेबांनी विरोध केला, वाटेल त्याला बाजारातून हत्यार घेता आलं तर राज्यकारभार कसा चालायचा असं त्यांचं म्हणणं, आणि दुरुस्ती पडली. आज आपले उजवे-डावे कशावरही भांडोत, बंदुकीला लायसन्स पाहिजे यावर कोणीच भांडत नाही, म्हणून म्हणतो अमेरिकेची लेबलं इथल्या पक्षांना चिकटवायला जाऊ नका.

तुमच्या कामाचं सांगतो. आजोबांचं वय सत्तरच्या वर असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर २०१६ च्या नियमांत त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर लायसन्स मागता येतं. पीक राखायचं म्हणून परवान्याची वेगळी तरतूदही आहे. ग्रामीण भागाचं काम कलेक्टर ऑफिसात, पोलीस आयुक्तांकडे फक्त शहराचं, उगाच सिव्हिल लाइन्सला दोन चकरा मारू नका. डुकरावर चालवायची तर वनखात्याची परवानगी वेगळी, ती लागतेच. आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, तेव्हा पावती घ्या आणि आजोबांच्या जुन्या लायसन्सच्या पुस्तिकेतच ठेवा.