रुग्णातला आणि पलंगाच्या कठड्यावरचा सी. डिफ एकच आहे, हे डीएनएवरून कसं ठरवतात?

माझी काही वर्षं अशाच तपासण्यांच्या लॅबमध्ये गेली, म्हणून सांगतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सी. डिफ म्हणजे अँटिबायोटिक्सनंतर जुलाब लावणारा, ऑक्सिजनमध्ये न वाढणारा जीवाणू.

डीएनए नंतर, आधी जीवाणू हाती लागला पाहिजे. शौचाचा नमुना असो की कठड्यावरून फिरवलेला स्वॅब, आम्ही त्यावर आधी अल्कोहोल ओततो. बाकीची गर्दी मरते, सी. डिफचे स्पोअर (त्याचं कडक कवचातलं, सुप्त रूप) तग धरतात. (म्हणूनच तिथे सॅनिटायझर पुरत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात.) मग ऑक्सिजन काढलेल्या जारमध्ये 37 अंशांवर 48 तास. झाकण उघडल्यावर घोड्याच्या तबेल्यासारखा वास आला की समजायचं, काम झालं.

आता ठसे. पूर्वी सगळी मदार पल्स्ड-फील्ड जेलवर असायची: डीएनए एका एन्झाइमने मोजक्या जागी कापायचा आणि मोठाले तुकडे विजेच्या जोरावर जेलीसारख्या थरातून (जेल) पळवायचे, म्हणजे लांबीनुसार पट्टे उमटतात. पण काही स्ट्रेन्सचा डीएनए आधीच तुटलेला निघतो. चार दिवस राबून हाती येतो नुसता धुरकट पट्टा! रायबोटायपिंग त्यामानाने सुटसुटीत. या जीवाणूत रायबोसोमच्या जनुकांच्या बऱ्याच प्रती असतात, 630 या स्ट्रेनमध्ये तर 11. त्यातल्या 16एस आणि 23एस या दोन जनुकांमधली मोकळी जागा प्रत्येक प्रतीत कमी-जास्त लांबीची. पीसीआरने ती वाढवली की पट्ट्यांची नक्षी मिळते, आणि नक्षीला नंबर. 2003 च्या सुमारास कॅनडातल्या क्वेबेकमध्ये थैमान घालणारा 027 तो हाच. 078 डुकरांतही सापडतो आणि माणसांतही.

पण दोन्हीकडे 027 निघाला म्हणून कठड्याला दोषी धरू नका. तो नंबर म्हणजे आडनाव. एका गावात पन्नास पाटील असतात. नंबर वेगळे आले तर मात्र त्या दोन जीवाणूंचा थेट संबंध नाही, हे बिनधास्त म्हणता येतं.

खरा निवाडा पूर्ण जीनोमचा, म्हणजे जीवाणूच्या सगळ्या डीएनएचा. सुमारे 43 लाख अक्षरांत फरक किती, ते मोजायचं. काही महिन्यांच्या आत एकाकडून दुसऱ्याकडे गेला असेल तर साधारण 0 ते 2. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये 2007 ते 2011 दरम्यानचे बाराशेहून जास्त रुग्ण असे तपासले, तेव्हा 45 टक्क्यांचा जीवाणू आधीच्या कुठल्याच रुग्णाशी जुळला नाही, फरक 10 पेक्षा जास्त. म्हणजे वॉर्डातल्या आजारी शेजाऱ्याकडून तो आलेला नव्हता.

शिवाय जुळलं तरी कठड्यावरून रुग्णाला की रुग्णाकडून कठड्याला, हे डीएनए सांगत नाही. त्यासाठी स्वॅब कधी घेतला आणि रुग्ण त्या पलंगावर कधी आला, त्या तारखा लागतात. आणि लॅबला एक विचाराच: प्लेटवरून कॉलनी (जीवाणू वाढून झालेले ठिपके) किती उचलल्या? एकाच स्वॅबमध्ये दोन-तीन स्ट्रेन्स असू शकतात, आणि घाईत एकच उचलली जाते.