आईची पाळी थांबून दोन वर्षं झाली, नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातून वाफा निघतात. हार्मोनची गोळी बरी की जेल?

गर्भाशय शाबूत असेल तर त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेन जेल आणि सोबत प्रोजेस्टेरॉन, ही जोडी मला गोळीपेक्षा बरी वाटते. पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं, तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि शिरेत गुठळी होण्याचा धोकाही. जेल किंवा त्वचेवर चिकटवायचा पॅच ती वाट टाळतात. (पॅच मात्र मे महिन्यातल्या ४५ अंशांत घामाने सुटू शकतो.) प्रोजेस्टेरॉन वगळू नका, नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पिशवी काढली असेल तर ते सहसा लागत नाही. फक्त योनीचा कोरडेपणा असेल तर तिथे लावायची इस्ट्रोजेन क्रीम पुरते. पण स्तनाचा कॅन्सर किंवा पायात गुठळी होऊन गेली असेल, किंवा पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका.