एफडी मोडून मॅकबुक घ्यावा का?

नाशिकहून एका ताईंनी लिहिले आहे. त्या घरून काही दुकानदारांचे अकाउंट्स लिहितात, टॅलीत नोंदी करतात, जीएसटीची विवरणपत्रे भरतात. महिन्याला साधारण ३२,००० रुपये सुटतात. यजमान सातपूर एमआयडीसीत कंत्राटी नोकरीला, मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरखर्च महिना ३८,००० आणि अडीअडचणीसाठी १,६०,००० रुपयांची एफडी. २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आता रडतखडत चालतो, त्यावर विंडोज ११ चढत नाही आणि रात्री तोच मुलगाही वापरतो. मुलाचे म्हणणे, ९९,९०० रुपयांचा मॅकबुक एअर घ्या, दहा वर्षे बघायला नको, दोघांचेही भागेल आणि व्यवसायाचा खर्च म्हणून करात सवलतही मिळेल. दीर म्हणतात, अडतीस हजारांचा विंडोज लॅपटॉप पुरे. दुकानदार म्हणतो, जुन्यातच विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकून देतो. ताईंचा प्रश्न असा: "एफडी मोडून एकदाच चांगली वस्तू घ्यावी का? दर तीन-चार वर्षांनी स्वस्त घेण्यातच जास्त पैसे जातात असे मला वाटते."

ताई, तुमचे शेवटचे वाक्य खरे आहे आणि मुलगाही हवेत बोलत नाही. मॅकबुक एअरचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे असते, आत पंखाच नसल्याने धूळ ओढली जात नाही आणि जुना विकायला काढला तरी किंमत बरी येते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेले एम१ चिपचे एअर आजही अ‍ॅपलच्या नव्या आवृत्त्यांवर चालतात. उलट तीस-चाळीस हजारांच्या लॅपटॉपमध्ये काटकसर नेमकी कुठे केलेली असते, ते दुरुस्तीवाल्याला विचारा. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या अंगात बसवलेले असतात, दोन-तीन वर्षे झाकण उघडझाप केले की ते प्लास्टिक फुटते. रॅम आठ जीबी, तीही बरेचदा बोर्डावर पक्की चिकटवलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. दिरांचा सल्ला मी त्यामुळे बाजूला ठेवतो.

पण यंत्राला दोन आयुष्ये असतात, आणि पत्रात तुम्ही एकाचाच विचार केला आहे. एक आयुष्य सुट्या भागांचे. दुसरे, कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षे देते त्याचे. तुमच्याच लॅपटॉपचे बघा. त्याचा सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर टॅलीला आजही पुरून उरतो. तो बाद ठरला तो नियमाने. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अशी अट घातली आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. चालते यंत्र त्या दिवशी कागदोपत्री म्हातारे झाले.

अ‍ॅपलच्या घरीही हेच घडते, हे मुलाला दाखवा. २०२० च्या सुरुवातीला विकलेला इंटेल चिपचा मॅकबुक एअर २०२५ च्या मॅकओएस टाहो या अ‍ॅपलच्या सिस्टिमच्या आवृत्तीला अपात्र ठरला, आणि टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल असे अ‍ॅपलने जाहीर केले आहे. ज्यांनी तो एअर मोठ्या किमतीला घेतला, त्यांच्या यंत्राला नवी आवृत्ती मिळायची पाच वर्षांत थांबली. तुम्ही आज घ्याल तो मॅक अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा असेल, त्यामुळे त्याला जास्त वर्षे मिळतील अशी माझी अपेक्षा आहे. दहा वर्षांचे आश्वासन मात्र कोणी दिलेले नाही. मी हिशेबात सात धरतो.

आता आकडे. हे माझे अंदाज आहेत, पण मुद्दाम मॅकला झुकते माप देऊन मांडले आहेत. मॅक ९९,९०० चा, सात वर्षे वापरला आणि शेवटी २०,००० ला विकला तर वर्षाला सुमारे ११,४०० रुपये पडतात. दिरांचा ३८,००० चा लॅपटॉप साडेतीन वर्षे टिकून ४,००० ला गेला तर वर्षाला ९,७००. आणि कंपन्या कार्यालयांसाठी बनवतात त्या मालिकेतला, म्हणजे थिंकपॅड, एलिटबुक किंवा डेलच्या त्या वर्गातला, ६२,००० पर्यंतचा विंडोज लॅपटॉप वाढीव वॉरंटीसह घेतला, सहा वर्षे चालवला आणि ८,००० ला विकला, तर वर्षाला ९,००० रुपये. बघा, स्वस्त लॅपटॉप स्वस्त पडतच नाही. मॅकही म्हणावा तितका महाग नाही. या तिसऱ्या लॅपटॉपपेक्षा महिन्याला दोनशे रुपयांचा फरक आहे आणि तेवढ्यासाठी मी कोणालाही अडवणार नाही.

तुम्हाला अडवतो ते तुमच्या कामामुळे. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेले आहे. जीएसटीचे ऑफलाइन टूल मॅकवर किंवा लिनक्सवर चालत नाही. डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे सहीसाठी लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, विंडोजवर सर्वांत कमी कटकटीने चालते. पूर्वी इंटेल मॅकवर बूट कॅम्प वापरून थेट विंडोज टाकता यायचे. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय राहिलेली नाही, तिथे पॅरलल्ससारखे सॉफ्टवेअर घेऊन मॅकच्या आत विंडोजची एआरएम आवृत्ती, म्हणजे अशा चिपसाठीची वेगळी आवृत्ती, चालवावी लागते. म्हणजे पॅरलल्सचे पैसे वेगळे, विंडोजचा परवाना वेगळा, आणि एखाद्या टोकनचा ड्रायव्हर अडला तर कोणाला फोन करायचा हा प्रश्न वेगळा. टॅली क्लाउडवरही मिळते, पण तिथेही वर्गणी आली. लाखाचे यंत्र घेऊन त्यावर रोज दुसऱ्याच सिस्टिममध्ये बसायचे असेल, तर त्या टिकाऊपणातले तुमच्या वाट्याला फार थोडे येते.

याहून मला जास्त काळजी वाटते ती "दोघांचेही भागेल" या शब्दांची. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची मुदत ११ तारखेला, ३बी या करभरण्याच्या विवरणपत्राची २० तारखेला. त्याच आठवड्यात मुलाचे सबमिशन आले, किंवा लॅपटॉप कॉलेजात नेताना त्यावर पाणी सांडले, तर? मॅकमध्ये रॅम आणि स्टोरेज मूळ बोर्डावरच असतात. बोर्ड गेला की डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावायचा मार्ग नाही, आणि बोर्ड बदलण्याचा खर्च ऐकून माणूस गप्प होतो. तुमच्याकडे दुसऱ्यांचे हिशेब आहेत. रोजीरोटीचे यंत्र पाठपिशवीतून फिरता कामा नये.

करसवलतीचे लवकर आटोपतो. संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेची वजावट, मिळतो हे खरे, पण तुमचे वर्षाचे उत्पन्न चार लाखांच्या आत आहे. नव्या कररचनेत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. शून्यातून काय वाचवणार? अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे नफा ठरावीक टक्क्याने धरतात तिथे, विवरणपत्र भरत असाल तर घसारा वेगळा दाखवताही येत नाही. जीएसटी नोंदणी नसेल तर लॅपटॉपवरच्या १८ टक्के जीएसटीचे क्रेडिटही नाही. तसेच "नो कॉस्ट ईएमआय" मध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या कार्डावर येते. रक्कम लहान असते, तरी फुकट काही नाही.

एफडीकडे या. आज ती सव्वाचार महिन्यांचा घरखर्च भागवते. मॅक घेतला की ६०,१०० उरतील, म्हणजे दीड महिन्याला थोडे जास्त. यजमानांची नोकरी कंत्राटी आहे. ज्या महिन्यात कंत्राट थांबेल त्या महिन्यात अ‍ॅल्युमिनियमची बॉडी घर चालवणार नाही, आणि अवघ्या दीड महिन्याच्या शिल्लकीवर मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हणू शकत नाही.

म्हणून मी सुचवतो ते असे. आज काहीच मोठे घेऊ नका. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न देता मिळते. मुलाला आजच नोंदणी करायला सांगा. टॅलीच्या डेटाचा बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मग जुन्या लॅपटॉपची फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. बॅटरीही बदललीत तर दोन्ही मिळून सात-आठ हजार धरा. रडतखडत चालण्याचे कारण बहुतेक ती हार्ड डिस्कच आहे, फरक पहिल्याच दिवशी कळेल. त्याच एसएसडीवर वेगळा भाग करून उबंटू किंवा लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सच्याच आवृत्त्या, टाका. मुलाने रात्री तिथे बसावे. सी, जावा, पायथन सगळे तिथे उत्तम चालते, आणि तुमच्या ग्राहकांच्या वह्या व त्याची डाउनलोड एकाच विंडोजमध्ये मिसळणार नाहीत. ती आज मिसळताहेत ही गोष्ट मला पत्र वाचताना सर्वांत जास्त खुपली.

ऑक्टोबरपर्यंत महिन्याला जमेल तसे चार हजार बाजूला टाका. सप्टेंबरच्या सुमारास ते साठलेले पैसे आणि एफडीतले पस्तीस हजारांपर्यंत, यातून स्वतःच्या कामासाठी वर सांगितलेल्या वर्गातला विंडोज लॅपटॉप घ्या. सोळा जीबी रॅम, शक्य असेल तर एक स्लॉट मोकळा, एसएसडी बदलता येणारी, आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी तीन वर्षांची वॉरंटी. या चारपैकी वॉरंटी सोडू नका. एफडीत सव्वा लाखाच्या आसपास राहतील. वाट पाहण्यात एक धोका आहे तो लपवत नाही. रॅमचे भाव चढत आहेत आणि लॅपटॉपच्या किमतीही त्यांच्या मागे जात आहेत. मधल्या काळात मनासारखा लॅपटॉप ६५,००० च्या आत दिसला तर ऑक्टोबरची वाट पाहू नका, मात्र ती मर्यादा ओलांडू नका.

मग जुना लॅपटॉप पूर्णपणे मुलाचा. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत नियमित अपडेट आहेत. म्हणजे २०१७ चे यंत्र बाराव्या वर्षापर्यंत सुरक्षित चालू शकते. दुकानदाराचा सल्ला चुकीचा नव्हता, तो तुमच्यासाठी नसून मुलासाठी होता. नवा लॅपटॉप आल्यावर महिना हजार रुपयांची आरडी सुरू करा, पुढच्या यंत्राला एफडीला हात लावावा लागणार नाही.

एका परिस्थितीत माझे उत्तर बदलेल. मुलाला आयफोनची अ‍ॅप्स बनवण्यातच करिअर करायचे असेल, तर त्यासाठी लागणारे एक्सकोड फक्त मॅकवर चालते, तेव्हा मॅक ही त्याची गरज ठरेल. त्याला सरळ विचारा. उत्तर हो असेल तर तो मॅक त्याचा स्वतःचा असावा, विद्यार्थी सवलतीत घेतलेला, आणि त्यातला काही वाटा त्याच्या इंटर्नशिपच्या मानधनातून यावा. तुमचे टॅलीचे यंत्र तेव्हाही वेगळेच राहील.