खान्देशातून समुद्राकडे: सहकुटुंब सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो: मुलांना समुद्र पाहायचा आहे, आजी-आजोबांना देवदर्शन हवे आहे आणि रजा मात्र मोजकीच आहे. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न: आम्ही नंदुरबारचे. घरात आजीसह सात माणसे, त्यांत चार आणि नऊ वर्षांची दोन मुले. हाताशी चारच दिवस आहेत. कोकणात जावे की जवळपास काही पाहावे? (नंदुरबार)

चार दिवसांत नंदुरबारहून कोकण गाठण्याचा हट्ट धरू नये. तुम्हाला सर्वांत जवळचा समुद्र ताप्ती रेल्वेमार्गाने सुरतेकडे आहे. सुरतेहून पुढे वलसाडला उतरल्यास तिथल गावचा किनारा पाच-सहा किलोमीटरवर आहे आणि वापीला उतरल्यास दमण साधारण बारा किलोमीटरवर. मुक्काम दमणला करावा, असे मी सुचवेन. मोटी दमणचा पोर्तुगीज किल्ला आजीला सावकाश फिरता येईल असा सपाटीवर आहे. मुलांसाठी देवका आणि जांपोर असे दोन किनारे आहेत. एक दिवस उदवाड्यासाठी राखून ठेवावा. पारशी समाजाचा पवित्र इराणशाह अग्नी 1742 पासून या लहानशा गावात आहे. अग्निमंदिरात इतरांना प्रवेश नसला तरी जुन्या घरांच्या गल्ल्यांतून चालत फिरणे हाच तिथला आनंद आहे. परतताना नवसारीजवळची दांडी पाहता येईल. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी तिथे चिमूटभर मीठ उचलले. हा धडा नऊ वर्षांच्या मुलाला पुस्तकापेक्षा तिथे उभे राहून अधिक कळतो.

मात्र मुलांना आधीच सांगून ठेवावे की हा समुद्र चित्रातल्यासारखा निळा नाही. खंबातच्या आखातातला गाळ या पट्ट्यात पसरलेला असल्याने पाणी मातकट दिसते, तिथलची वाळू तर काळीच आहे, आणि ओहोटीला पाणी इतके मागे सरते की समुद्र कुठे गेला असा प्रश्न पडावा. हा किनारा वाळूत खेळण्याचा आणि सूर्यास्त पाहण्याचा आहे, डुंबण्याचा नव्हे. आणखी एक गोष्ट घरातील मोठ्यांसाठी: दमणमध्ये मद्यविक्रीला मुभा असली तरी सभोवारच्या गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे परतीच्या प्रवासात सामानात बाटली असणे हा गुन्हा ठरतो.

प्रश्न: मे महिन्यात स्वतःच्या गाडीने सहा दिवसांत दापोली, गणपतीपुळे आणि मालवण करण्याचा विचार आहे. आखणी करून द्याल का? (जळगाव)

आखणी देतो, पण या तिघांपैकी एकाचीच. जळगावहून दापोली सुमारे सहाशे किलोमीटर आहे. मुलांसह हा प्रवास एका दिवसात रेटणे म्हणजे दुसरा दिवस झोपेत घालवणे होय. त्यामुळे जाताना आणि येताना वाटेत एकेक मुक्काम धरला, तर सहा दिवसांतून किनाऱ्यावर जेमतेम साडेतीन दिवस उरतात. त्यात तीन गावे बसवली की सुट्टीचा अर्धा वेळ सामान बांधण्यात आणि उरलेला जेवणासाठी थांबायचे कुठे, या वादात जातो. मुक्काम एकाच ठिकाणी, दिवसाकाठी एकच सहल आणि दुपारी दोन ते चार विश्रांती, हा नियम मी माझ्या घरातही मोडत नाही.

धुळे-नाशिकमार्गे इगतपुरीपर्यंत यावे आणि तिथून समृद्धी महामार्ग धरावा. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पहिला मुक्काम पनवेल परिसरात करून दुसऱ्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गाने पुढे निघावे.

दापोलीत मुक्काम केलात तर एक सहल आंजर्ल्याची करावी. ‘कड्यावरचा गणपती’ नावाप्रमाणे उंचावर असला तरी गाडी वरपर्यंत जाते आणि तिथून खाली माडांच्या पलीकडे दिसणारा समुद्र मुले विसरत नाहीत. दुसरी सहल आसूदच्या केशवराजाची. सुपारीच्या बागेतून उतरायचे, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि मग पायऱ्या चढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी बागेतच सावलीला बसावे, त्यात कमीपणा काही नाही. तिसऱ्या दिवशी सायंकाळी हर्णै बंदर पाहावे. खोल पाण्यात थांबलेल्या होड्यांतून मासळी उतरवून आणायला बैलगाड्या चाके बुडेपर्यंत समुद्रात शिरतात आणि वाळूवर ढीग लागताच लिलाव पुकारला जातो. बैल नांगराला आणि गाडीला जुंपलेले पाहिलेली आपली मुले, लाटांत निश्चल उभा असलेला बैल पाहून अवाक होतात. शक्ती उरली तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवून गुहागरला एक चक्कर मारता येते. चिपळूणचा वळसा वाचतो आणि बोटीवर गाडी चढवणे ही मुलांसाठी स्वतंत्र सहलच असते. पन्हाळेकाजीची लेणी चांगली आहेत, परंतु अजिंठा ज्यांच्या उशाशी आहे त्यांनी मेच्या उन्हात त्यासाठी दिवस खर्च करू नये.

प्रश्न: भरती-ओहोटीच्या वेळा आधी कशा कळाव्यात? गेल्या वर्षी अलिबागला गेलो, पण कुलाबा किल्ला लांबूनच पाहावा लागला. (अमळनेर)

तुमच्यासारखीच आमचीही फजिती झाली होती. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही हौसेने किनाऱ्यावर पोहोचलो, तर किल्ल्याभोवती चहूकडे पाणी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाळूवर बसूनच संपवली. शेजारी जाळे सांधत बसलेल्या एका कोळी आजोबांनी विचारले, “कालनिर्णय घरी ठेवून आलात काय?” आणि मग त्यांनी जो हिशेब सांगितला, तो आजवर उपयोगी पडतो आहे.

तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते. आपल्या आखाजीचेच, म्हणजे अक्षय तृतीयेचेच, उदाहरण घ्या. तिथी तृतीया, तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि पहाटे सव्वादोनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे सव्वाआठ-साडेआठला, ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरावी, भरती बाराच्या आगेमागे येते. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तितकीच पुढे सरकते, म्हणून हा ठोकताळा जमतो. तो मुंबई-अलिबाग पट्ट्यासाठी आहे, मालवणकडे जाल तशी भरती थोडी आधी येते आणि सुरत-दमणकडे हा हिशेब लावू नये.

वेळेइतकेच महत्त्व पाण्याच्या चढ-उताराला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही आणि ओहोटीला पुरते ओसरतही नाही. त्यामुळे कुलाबा किल्ल्यात पायी जाण्यासाठी द्वितीया ते चतुर्थी या तिथी उत्तम: पाणी भरपूर मागे जाते आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान, म्हणजे उन्हाच्या आधी, मिळते. ओहोटी लागत असताना आत जावे आणि पाणी वळण्यापूर्वी परत फिरावे. गाडी वाळूवर उतरवण्याचा मोह मात्र कोणत्याच तिथीला करू नये. रुतलेल्या गाडीसाठी भरती थांबत नाही.

प्रश्न: गाडी नाही. रेल्वेने थेट कोकणात जाता येईल का? (भुसावळ)

येईल. निजामुद्दीन-एर्नाकुलम मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, पनवेलमार्गे रत्नागिरीला जाते. तिथून गणपतीपुळे सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. गोवा एक्स्प्रेसही भुसावळहून जाते, परंतु ती पुणे-मिरजेकडून गोव्यात उतरते, कोकण किनाऱ्यासाठी ती उपयोगाची नाही. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना स्वतंत्र बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे पडते.

प्रश्न: सासू-सासरे माळकरी आहेत. मासळीचा वासही त्यांना सहन होत नाही. मुलांना नारळाचे जेवण आवडत नाही. जेवणाचे कसे करावे? (चोपडा)

प्रथम मुक्कामाचे गाव विचारपूर्वक निवडावे. हर्णैसारख्या बंदराच्या गावात न उतरता गुहागर, गणपतीपुळे किंवा आंजर्ले येथे शाकाहारी घरगुती खाणावळीच्या जवळ राहावे. खोली ठरवताना केवळ “शाकाहारी मिळते का?” असे विचारू नये, कारण होकार सगळीकडेच मिळतो. स्वयंपाकघर आणि भांडी वेगळी आहेत का, हे स्पष्ट विचारावे. मिश्र खाणावळीत बसण्याची वेळ आलीच तर ताटातली लालसर कोरडी चटणी शेंगदाण्याचीच आहे ना, हे वाढणाऱ्याला विचारून घ्यावे. ती जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, असू शकते.

घरगुती खाणावळीत जेवणाची वर्दी सकाळीच द्यावी लागते, ऐनवेळी सात माणसे दारात उभी राहिली तर चूल पुन्हा पेटत नाही. वालाचे बिरडे, फणसाची भाजी, केळफुलाची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी आणि उकडीचे मोदक यांवर ज्येष्ठांचे उत्तम भागते. भाकरी मात्र तांदळाची येईल. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या जिभेला ती मऊ आणि अळणी वाटते, पण सोलकढीबरोबर दुसऱ्या दिवसापासून आवडू लागते. मुलांसाठी “वरण-भात-तूप आणि बिननारळाची बटाट्याची भाजी” असे सांगितले की कोणीही करून देते. सोबत ठेच्याची बरणी आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, न्यावेत. भरलेल्या वांग्यात कोकणी हाताने गूळ घातलेला निघाला, तर ती बरणीच घरातली शांतता टिकवते.

प्रश्न: आम्ही पंचेचाळीस अंशांत राहतो, कोकणातला उकाडा आम्हाला काय करणार? तीन वर्षांच्या नातीला पाण्यात न्यावे का? (धुळे)

हाच गैरसमज आपल्याकडील पाहुण्यांना तापाने निजवतो. आपली हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो आणि शरीर थंड होते. किनाऱ्यावर पारा तेहतीस-चौतीसच असला तरी हवेत बाष्प इतके असते की घाम वाळतच नाही, अंगावर नुसता वाहत राहतो. त्याच कारणाने आपला भरवशाचा कूलर तिथे निरुपयोगी ठरतो. खोली घेताना वातानुकूलन नसेल तर समोरासमोर खिडक्या आहेत का, हे पाहावे. मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा शहाळे देत राहावे आणि दुपारी अकरा ते चार किनाऱ्यावर जाऊ नये.

नातीला पाण्यात न्यावे, पण तिच्या घोट्याइतक्या पाण्यात आणि हात धरून. पहिल्या दिवशी ती रडली तर आग्रह करू नये, ओल्या वाळूत घर बांधायला बसवावे, लाट स्वतःच तिच्या पायाशी येते. मोठ्यांनीही गुडघ्यापलीकडे जाऊ नये. गणपतीपुळ्याचा समुद्र शांत दिसतो, पण परतणाऱ्या लाटेची ओढ जबर आहे आणि नदी-कालव्यात पोहायला शिकलेल्याला तिचा अंदाज येत नाही. लाल बावटा असेल किंवा जीवरक्षक शिट्टी वाजवत असेल, तर वाद न घालता बाहेर यावे.

प्रश्न: पावसाळ्यात गर्दी कमी असते म्हणून जुलैत जावे का? (शहादा)

समुद्रासाठी नाही. जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असल्याने बंदरे ओस असतात आणि खवळलेल्या पाण्याजवळ मुलांना नेण्यात अर्थ नाही. गर्दीच टाळायची असेल तर कापसाची वेचणी उरकून जानेवारीत निघावे. हवा सुखद असते आणि रायगड जिल्ह्यात त्या दिवसांत वालाच्या शेंगांची पोपटी लागते. ती मडक्यात, भांबुर्डीच्या पाल्यात, तेल-पाण्याशिवाय शिजते. माळकऱ्यांसाठी शेंगा-बटाट्याची वेगळी लावायला सांगावी.