जंगल, वन असा अर्थ असलेलं बाळाचं नाव सुचवा

सगळ्यात आधी एक सांगते, वनिता नाव या यादीत बरेच जण घुसवतात पण त्याचा वनाशी काही संबंध नाही हां, वनिता म्हणजे स्त्री.

मुलीसाठी माझं फेव्हरेट अरण्यानी, ऋग्वेदात दहाव्या मंडलात या वनदेवतेचं अख्खं सूक्त आहे (१०.१४६), आणि त्यात ती न नांगरताच भरपूर अन्न देणारी, सुगंधी अशी आहे, अजून काय पाहिजे! लांब वाटलं तर घरी अनी म्हणा. वनश्री, वनजा पण छान, जरा जुन्या वळणाची आहेत एवढंच. राई मला गोड वाटतं, देवराई-आमराईतली राई, फक्त हिंदीवाले मोहरी समजतील त्याची तयारी ठेवा 😄

मुलासाठी विपिन किंवा कानन, दोन्हीचा अर्थ सरळ जंगलच, पण कानन मुलींचंही असतं.

आणि झाडाचं चालणार असेल तर शाल्मली म्हणजे आपली काटेसावर, पलाश म्हणजे पळस. आमच्या ताईने मुलाचं पलाश ठेवलं तर आजी अजून त्याला पळशाच म्हणते.